पेटीतला आकडा

आमच्या खेळातलं पहिलं मोठं भांडण दुधाच्या फेसावरनं झालं.

गंगावेशीत दूध कट्टा आहे, कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, म्हैस समोर उभी, धार समोर काढतात आणि तेच कोमट फेसाळ दूध ग्लासातनं हातात. आमच्यातला एकजण त्याच भागात राहतो. २०२१ च्या जानेवारीतली गोष्ट, एका संध्याकाळी त्यानं कट्ट्यावरनं म्हशीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ही आत्ता किती लिटर देणार? सांगा बघू." आम्ही शाळेच्या बॅचमधले नऊजण, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव अंदाजपंचे, आणि तेव्हा पंधरा दिवसांपासनं हा खेळ नुकता सुरू झालेला, कुणीतरी असं काहीतरी विचारायचं, बाकीच्यांनी आकडा टाकायचा, जवळ जाईल तो जिंकला. एवढाच नियम. आठ आकडे आले, धार झाली, मापलं, भरलं सहा लिटर. एकाचा बरोब्बर सहा होता, त्यानं ग्रुपवर हलगी वाजवायला घेतली. दहा मिनिटांनी गंगावेशीतल्यानंच दुसरा फोटो टाकला, फेस बसल्यानंतरचा, त्यात दूध पाचच्या जरासं वर. पाच म्हणणारी लगेच उठून बसली.

"फेस मोजतात काय रे दुधात?"

"मोजतात की! गिऱ्हाईक फेसासकटच ग्लास उचलतंय, फेस नसला तर परत करतंय."

"मग उद्या तू डेअरीला फेस घाल आणि पैसे मागून बघ."

रात्री साडेबारापर्यंत चाललं ते. दोघांचंही पटत होतं मला, आणि त्यामुळंच झोप लागेना. कुणी लबाडी केलेली नव्हती. मापणाऱ्यानं तर इमानदारीनं दोन्ही फोटो टाकलेले. फक्त आकडे यायच्या आधी कुणी विचारलंच नव्हतं की माप घेणार कधी आणि कशाचं. आकडे आल्यावर ते ठरवायला बसलं की प्रत्येकजण आपल्या आकड्याकडनं बघतो, बघणारच, त्यात वाईट कुणीच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की इथनं पुढं प्रश्नासोबतच मापायची पद्धत लिहायची, कोण मापणार, कशानं, किती वाजता, आणि ते लिहिल्याशिवाय कुणी आकडा टाकायचा नाही. सगळे हो म्हणाले. आणि तिथनं का कुणास ठाऊक, नियम लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, ते आजपर्यंत.

मला ते काम आवडतं, हे मोकळेपणानं सांगते. घरी, ऑफिसात विचारतात की एवढ्याशा खेळाचे काय नियम करत बसलीयस. पण आम्ही नऊजण आहोत ते कसे आहोत बघा. एक दुबईत, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. एक दवाखान्यात सिस्टर, आठवड्याआड नाईट ड्युटी. एक मास्तर, करवीरमधल्या एका खेडेगावात गणित शिकवतो. एकाचं गुऱ्हाळ आहे, सिझनला तो चार-चार दिवस फोनच बघत नाही. एकजण पुण्याला आयटीत, दिवसभर स्क्रीनसमोरच, नोटिफिकेशन आलं की तिसऱ्या सेकंदाला उत्तर. एकीचं घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, गणपतीच्या मूर्तींचा व्यवसाय. शाळेत सगळे एकाच बाकाच्या आसपास होतो, तेव्हा नियम लागायचे नाहीत कारण सगळ्यांना एकच घंटा व्हायची. आता प्रत्येकाची घंटा वेगळी झालीय. मग खेळ असा पाहिजे की नाईट करून झोपलेली सिस्टर उठल्यावर तिला वाटलं पाहिजे, माझं काय हुकलेलं नाही.

सुरुवातीला तिचं हुकतच होतं. सारखे आकडे आले तर आधी टाकणारा जिंकायचा, त्यामुळं पुणेवाला दर आठवड्याला वर. तो हुशार आहेच, पण तो जिंकत होता ते हातात फोन असायचा म्हणून. सिस्टरच्या वॉर्डात तर रेंजच नाही, तिचा मेसेज घड्याळाचं चिन्ह दाखवत तसाच पडून राहायचा आणि ड्युटी संपवून ती गेटवर आली की मग पोचायचा. एकदा तिचा आकडा सगळ्यात जवळचा होता आणि मेसेज वेळेनंतर सहा मिनिटांनी आला. घेतला नाही आम्ही. ती काही बोलली नाही, "राहू दे गं" एवढंच. ते "राहू दे" मला फार लागलं. भांडणाऱ्या माणसासाठी नियम बदलला जातोच, न भांडणाऱ्याचं तसंच राहून जातं.

तर वेग काढूनच टाकला. रविवारी सकाळी आठला प्रश्न, सोमवारी सकाळी आठपर्यंत आकडा, चोवीस तासात कधीही. पहिला आला आणि शेवटचा आला, काही फरक नाही. बरोबरी झाली तर बरोबरीच, दोघांनाही पूर्ण गुण. सिझन दहा आठवड्यांचा, त्यातले प्रत्येकाचे चांगले आठ धरायचे, म्हणजे दोन आठवडे कुणाचं बाळंतपण, कुणाची लावण, कुणाची डबल ड्युटी, सांगायची गरज नाही, कारण विचारायचं नाही. पुणेवाल्याला सगळ्यात जास्त तोटा होता ह्यात आणि पहिला अंगठा त्याचाच आला, हे इथं लिहून ठेवते.

पण चोवीस तास दिले तशी दुसरीच भानगड उभी राहिली. आकडे ग्रुपवर उघडे पडायचे. आता समजा कुणी ४२ टाकला, दुसऱ्यानं ५०, तर शेवटी येणारा आरामात ४३ टाकतो, म्हणजे ४३ पासनं ४६ पर्यंतची सगळी जागा त्याची आणि ४२ वाल्याच्या वाट्याला फक्त खालची बाजू. सगळ्यात उशिरा येईल तो राजा. आमच्यात दोघंजण सोमवारी सात एकोणसाठची वाट बघत बसायला लागले. त्यांना लबाड म्हणवत नाही मला, नियमानंच ती फट ठेवलेली. वर मेसेज डिलीट करून परत टाकता येतो, त्याची वेगळी कटकट.

आणि त्याहून वाईट म्हणजे पहिला आकडा पडला की बाकीचे त्याच्याच भोवती जमायचे. हे मुद्दाम होत नाही. मास्तरनं आम्हाला तेव्हा एक प्रयोग सांगितला, डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये छापलेला. जत्रेत असतं तसलं आकड्यांचं चक्र लोकांसमोर फिरवायचं, चक्र आतनं असं केलेलं की ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबणार, आणि मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के आहेत. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? काहीच नाही. तरी ज्यांनी १० बघितला त्यांचा मधला अंदाज आला २५ आणि ज्यांनी ६५ बघितला त्यांचा ४५. म्हणजे नुसता डोळ्याखालनं गेलेला आकडासुद्धा माणसाला ओढतो. मग आमच्या ग्रुपवर गणिताच्या मास्तरनंच पहिला आकडा टाकल्यावर बाकीच्यांच्या डोक्यात स्वतःचं असं काय उरणार होतं?

मला माझे आजोबा आठवले. ते मला लहानपणी एकदा वडगावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेलेले. बैलाचा सौदा चाललेला, दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर रुमाल टाकलेला आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव चाललेला. तोंडानं एक शब्द नाही. बाजूला पन्नास माणसं उभी, पण कुणाला कळत नव्हतं किती म्हणाला. मी विचारलं, "आबा, हे असं लपवून का?" ते म्हणाले, "ह्येचा आकडा दुसऱ्यानं ऐकला की दुसऱ्याचा सोताचा ऱ्हात न्हाई बाळ." तेव्हा काय कळलं असणार, पण वाक्य डोक्यात राहिलं, आणि तीस वर्षांनी ग्रुपचे नियम लिहिताना ते वर आलं.

मग रुमाल कसा टाकायचा? ग्रुपवर न टाकता आकडा एकाच माणसाला पर्सनलवर पाठवायचा, त्याला आम्ही पेटी म्हणतो, पेटी दर आठवड्याला बदलते, सोमवारी आठला पेटी सगळे आकडे एकदम ग्रुपवर टाकते. छान. पण पेटी स्वतः पण खेळतेय की! तिला आठजणांचे आकडे दिसतात. पहिल्याच आठवड्यात दुबईवाला पेटी होता आणि त्याचा आकडा एकदम जवळ आला, कुणी काही बोललं नाही, पण तो स्वतःच अस्वस्थ. फोन केला त्यानं मला. "अगं मी बघितलो नव्हतो गं कुणाचा, आधीच ठरवलेला माझा. पण आता मी शपथ घेऊन सांगितलो तरी कुणाला खरं वाटणार?" तेव्हा मला कळलं की नियम नीट नसला की खरं वागणाऱ्याचे जास्त हाल होतात, कारण त्याच्याकडं दाखवायला काहीच नसतं.

ह्याचा तोडगा आईनं दिला. आई गेली पंचवीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी चालवते. ती म्हणाली, "भिशी चालवणारीनं आपली चिठ्ठी सगळ्यांच्या आधी घडी करून डब्यात टाकायची, आणि डबा हलवायचा दुसरीनं, उचलायचं पोरानं. मी डब्याला हातच लावत नाही." बस. आमच्या पेटीनं आपला आकडा रविवारी आठ वाजून दहा मिनिटांच्या आत पुढच्या आठवड्याच्या पेटीकडं द्यायचा, आणि तोपर्यंत बाकीच्यांनी काही पाठवायचं नाही. दुबईवाल्याचा जीव भांड्यात पडला.

मास्तर हे ऐकून फार खूश झाला आणि त्यानं गॅलिलिओची गोष्ट सांगितली. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतनं शनी तीन गोळ्यांचा दिसला, म्हणजे कडंनाच त्याला दोन बाजूचे दोन गोळे वाटले. जाहीर करावं तर अजून खात्री नाही, आणि गप्प बसावं तर दुसरा कुणीतरी आधी सांगेल. मग त्यानं ते लॅटिन वाक्य घेतलं, त्यातली ३७ अक्षरं उलटीसुलटी केली आणि ती ओळ लोकांना पाठवून दिली. म्हणजे आकडा पेटीत पडला, पण कुणाला वाचता येईना. केप्लर ह्या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञानं ती अक्षरं सोडवायला घेतली आणि त्याला भलतंच वाक्य सापडलं, की मंगळाला दोन चंद्र आहेत. उत्तर साफ चुकलेलं. आणि पुढं १८७७ मध्ये मंगळाला खरंच दोन चंद्र सापडले! मास्तर म्हणतो असल्या अंदाजाला किती गुण द्यायचे सांग. आमच्या नियमात शून्य. पण गोष्ट मला इतकी आवडली की त्या सिझनला आम्ही "केप्लर" नावाचं एक मानाचं पान ठेवलं, चुकीच्या रस्त्यानं बरोबर पोचणाऱ्यासाठी. गुण नाहीत, नुसता मान.

गुणांवर मात्र महिनाभर गेला. "जवळ जाईल तो" हे ऐकायला सरळ वाटतं. पाव किलो शेंगदाण्यात दाणे किती, असा प्रश्न मी घातलेला, आणि मी आणि आई दोघींनी परातीत दहा-दहाचे ढीग करून मोजले, ५३६ भरले. एकाचा अंदाज होता १५०, एकीचा १०००. फरकानं बघितलं तर १५० वाला ३८६ नं चुकला आणि हजारवाली ४६४ नं, म्हणजे १५० वाला जवळचा. पण मनाला पटतंय का ते? हजारवाली दुप्पटही चुकलेली नाही, १५० वाला साडेतीन पटीनं चुकलाय. फरक मोजायची पद्धत कमी सांगणाऱ्याला सांभाळून घेते, कारण खाली शून्याच्या पलीकडं जायला जागाच नाही, कितीही कमी सांगा, चूक ५३६ च्या वर जात नाही, आणि जास्त सांगणाऱ्याला मात्र आभाळ मोकळं. आमच्यातल्या दोघांना हे न सांगता कळलेलं, ते प्रत्येक प्रश्नाला चेपून आकडा टाकायचे. म्हणून आता भागाकार. अंदाज आणि खरा आकडा, मोठ्याला लहानानं भागायचं, एकाच्या जितकं जवळ तितकं चांगलं. निम्मा सांगितला काय आणि दुप्पट सांगितला काय, चूक सारखीच. मास्तरनं शीट बनवून दिली, पण सिस्टरनं विचारलं की शीट कशाला, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर येतंय की, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटलं. नियम असा पाहिजे की हरलेल्यानं तो आपल्या हातानं तपासून बघता आला पाहिजे.

त्याच काळात आम्ही मधला आकडाही काढायला लागलो. ही कल्पना फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाची. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथला जनावरांच्या प्रदर्शनात एक बैल दाखवून विचारलेलं, कापून साफ केल्यावर ह्याचं वजन किती भरेल, सहा पेन्सला एक तिकीट. गाल्टननं नंतर ती तिकिटं मागून घेतली, वाचता येण्यासारखी ७८७ निघाली, सगळी ओळीनं लावली आणि अगदी मधलं बघितलं, १२०७ पौंड. खरं वजन ११९८. नऊ पौंडाचा फरक, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. त्यात खाटीकही होते, शेतकरीही होते आणि नुसते जत्रा बघायला आलेलेही होते. मी हे वाचलं तेव्हा पहिलं मनात आलं ते हे की तिकिटं वेगवेगळी लिहून दिलेली होती, कुणी ओरडून सांगितलं नव्हतं. आमचाही मधला आकडा पेटी आल्यापासनं सुधारला, त्याआधी तो म्हणजे पहिल्यानं सांगितलेला आकडाच असायचा. आता आम्ही त्याला दहावा गडी धरतो, त्याचं नाव पंच, आणि पहिल्या सिझनला पंच दुसरा आला.

मग ज्याला माहितीच जास्त आहे त्याचं काय? गुऱ्हाळवाला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, नुसता हातात धरून वजन सांगतो. त्याच्याविरुद्ध गुळाचं वजन ओळखायला लावणं बरोबर का? पुणेवाला म्हणाला त्याला त्या प्रश्नाला बसवूया. मी विरोध केला. वीस वर्षं चुलवणापाशी उभा राहून त्यानं ते कमावलंय, ते त्याचंच आहे, ते काढून घेणं हाच अन्याय. पण त्याच रविवारी कुणी उठून मार्केट यार्डात जाऊन काट्यावर बघून आला, तर ते दुबईवाल्याला शक्य नाही. तेव्हा असं ठरलं, डोक्यात आधीपासनं असलेलं ज्याचं त्याचं, पण प्रश्न पडल्यानंतर जे नवीन कळेल ते सगळ्यांचं, बघितलं तर ग्रुपवर टाकायचं. गुगलवर बंदी घालायची का, ह्यावर मी बराच विचार केला. बंदी पाळली का नाही हे बघायला पोलिस लागतो, आणि मित्रांत मला पोलिस व्हायचं नव्हतं. त्यापेक्षा गुगलला माहीतच नसेल असा प्रश्न घालायचा. आईच्या परातीत किती दाणे आहेत ते गुगलला कुठनं कळणार? प्रश्न घालणारा दर आठवड्याला बदलतो, त्या आठवड्यात तो खेळत नाही, त्याला त्याच्या सिझनची सरासरी मिळते. त्यामुळं मुद्दाम अवघड किंवा मुद्दाम सोपं घालायची कुणाला गरज उरली नाही.

आता पंचगंगेचं सांगते. हे सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसले, पण हात दुसरीकडंच वळत होता.

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठून पहिला प्रश्न असतो, पाणी किती झालं. राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या पोराला पाढ्यासारखे पाठ. तर २०२१ च्या जूनमध्ये पाऊस चांगला लागल्यावर कुणीतरी म्हणालं, उद्या सकाळची पातळी ओळखायची, रोज. नदी काय आपल्या ग्रुपपुरती नाही, माप सरकारी, रोज छापून येतंय, वाद होणारच नाही. झाला वाद, तोही पहिल्याच आठवड्यात. एकानं ३१.१० लिहिलं, एकीनं ३१.९. मास्तर म्हणाला ३१.९ मोठा. गंगावेशीतला म्हणाला खुळा झालायस काय, एकतीस फूट दहा इंच म्हणजे नऊ इंचापेक्षा जास्त नव्हे काय? एकजण दशांशात बोलत होता, दुसरा इंचात, आणि टिंब दोघांचं एकच. मग फूट आणि इंच अक्षरात लिहायचं ठरलं. हे मी एवढं सविस्तर सांगतेय, कारण तेव्हा आमचं सगळं लक्ष असल्या गोष्टींवर होतं. टिंब कुठं द्यायचं ते मी नियमात लिहिलं. काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे लिहिलं नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस वाढला. २०१९ चा पूर सगळ्यांनी बघितलेला, पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, हायवे शिरोलीपाशी बंद, तरी आम्ही आकडे टाकत होतो, सवय लागलेली. त्या रात्री मी पेटीत बराच वरचा आकडा टाकला, इतरांपेक्षा वरचा, कारण धरण क्षेत्रात पाऊस जोरात होता आणि मला वाटलं बाकीचे कमी धरतील. सकाळी उठले, पातळी बघितली, माझाच सगळ्यात जवळ. आणि मला आनंद झाला. दोन सेकंद असेल, तीन असेल, पण झाला, छातीत उड्या मारल्यासारखा. मग ग्रुप उघडला. कुंभार गल्लीतलीचा फोटो होता, पहाटे साडेचारचा, त्यांच्या बोळात गुडघ्याच्या वर पाणी, तिचा भाऊ आणि दीर कच्च्या मूर्ती डोक्यावर घेऊन माडीवर चढवतायत. खाली काहीच लिहिलं नव्हतं तिनं. आणि त्या फोटोच्या बरोब्बर खाली आठ वाजता पेटीनं नेहमीसारखे सगळ्यांचे आकडे टाकलेले, सगळ्यात जवळ माझं नाव.

आकड्यांत तिचाही होता. तिनं सगळ्यात कमी सांगितलेलं.

मी त्या दिवशी तिला फोन करायचं धाडस केलं नाही. दुसऱ्या दिवशी केला. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "तू काय पाणी सोडलीयस काय राधानगरीतनं?" आणि मग जरा थांबून, "मी आकडा टाकताना अंदाज नव्हता टाकला बघ. देवाला सांगितल्यासारखं टाकलेलं." मला त्यावर बोलता आलं नाही. मूर्ती किती वाचल्या विचारलं, तर वरच्या वाचल्या, खालच्या गेल्या, मातीचं काय, पाणी लागलं की परत माती.

पुराचं पाणी उतरल्यावर बराच काळ ग्रुप बंदच होता. काहीजण म्हणाले खेळच नको. मी पण त्याच मताची होते. तिनंच चालू करायला लावला. ती म्हणाली खेळ कशाला बंद, प्रश्न नीट घाला. मग आम्ही एक ओळ घातली, आमच्या यादीत ती सगळ्यात वर आहे, फेसाच्याही वर. जिंकणाऱ्याचा आकडा खरा व्हावा म्हणून कुणाचं तरी नुकसान व्हावं लागत असेल, तर तो प्रश्न घालायचा नाही. पूर नाही, कुणाचं आजारपण नाही, कुणाच्या शेतातलं घटलेलं टनेज नाही, पडलेला भाव नाही, कुणाच्या पोराचे दहावीचे मार्क नाहीत. आणि प्रश्न घालायच्या आधी ज्याच्या दाराशी तो जातो त्याला विचारायचं, आणि त्यानं नको म्हटलं तर का ते विचारायचं नाही. पैसे आम्ही त्याच वेळी काढून टाकले, आधी हरणारा मिसळ द्यायचा, आता सगळे आपापली भरतात. मला वाटतं पैसे असते तर ती ओळ आम्ही कधीच एकमतानं घातली नसती.

परतीचा पहिला प्रश्न तिचाच. २०२१ ची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. तिनं विचारलं, आदल्या दिवशी, ९ तारखेला, सकाळी सहापासनं रात्री बारापर्यंत आमच्या दुकानातनं किती मूर्ती जातील? मापायची पद्धत, पावतीपुस्तक. विचारायला तिच्याच दारात कोण जाणार होतं. तिनंच विचारलेलं. पेटी उघडली तर सातजणांचे आकडे भलतेच वर, एकानं तर इतका सांगितलेला की त्यांच्याकडं तेवढ्या मूर्तीच शिल्लक नव्हत्या. सिस्टरचा एकटीचा कमी. पंचसुद्धा वाहवत गेलेला, खऱ्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट. जिंकली सिस्टर. ती बिचारी परत ओशाळली, म्हणाली तुम्ही सगळ्यांनी चांगलं चिंतलं आणि मी हिशोब केला. तर कुंभार गल्लीतलीनं तिला लिहिलं, "तुझा आकडा बघूनच मी दुपारी भावाला म्हटलो, रंगाचा माल जादा आणू नको. बरं झालं." म्हणजे पेटी उघडायच्या आधी सिस्टरनं तिला तो वेगळा सांगितलेला. हे नियमात बसतं का? प्रश्न घालणारी खेळत नव्हती, तिला सांगितलं तर काय बिघडलं. पण पेटी फुटली हेही खरं. ह्यावर आमचं अजून ठरलेलं नाही, मास्तर एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि मला वाटतं हे ठरूच नये.

आता नवीन सिझन चालू आहे. प्रश्न गुऱ्हाळवाल्याचा, पहिल्या आधणाला, म्हणजे रसाच्या पहिल्या काहिलीला, किती किलो गूळ पडणार. पद्धत लिहिलीय: काहिलीत रस काठापासनं एक वीत खाली, रवे थंड झाल्यावर काट्यावर, काकवी काढली तर ती धरायची नाही. सुरुवातीचा ऊस अजून पुरता पिकलेला नसतो, उतारा कमी पडतो, जानेवारीनंतरचा वेगळा, हे त्यानं स्वतःहून ग्रुपवर सांगितलं, कारण ते त्याच्या डोक्यात असलं तरी तो ह्या आठवड्यात खेळत नाही. आणि ह्या सिझनला एक नवीन गडी आहे, आई. तिला टाईप करता येत नाही, मग व्हॉइस मेसेज चालेल का, ह्यावर मत घेतलं, सगळ्यांचे अंगठे. आजची पेटी सिस्टर आहे, नाईटला आहे.

रविवारी रात्री आईनं फोन तोंडाशी धरला, पोळपाटाकडं बघितलं, जरा विचार केला. "एकशे नव्वद. आणि बाई, तू जेवलीस का?"

पहाटे साडेतीनला उत्तर आलं, "पोचलं काकू. जेवले."

मला तो आकडा ऐकू आला, एकाच खोलीत होतो ना. माझा मी आधीच पाठवलेला, तरी आता पुढच्या वेळी मी स्वयंपाकघरातनं बाहेर जाणार, किंवा आईनं गॅलरीत जाऊन बोलायचं, हे तिला सांगितलं. तर म्हणाली, रुमाल टाक की तोंडावर.

तेवढं एक नियमात लिहायचं राहिलंय.